दुकानाच्या वेबसाइटला किती पडतात

१४ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानातून, दुपारी

चि. चिमण्यास,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तूही बरा असशील असं धरून चालते.

पत्र बघून वाटेल, हिच्या फोनला काय झालं. फोनला काही झालेलं नाही. पण फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि मी लगेच हवापाण्यावर येते. गेल्या महिन्यात दोनदा लावला, तेव्हा तर उचललाच नाहीस. कामात असशील. म्हटलं, लिहावं. कागद मधेच 'हं' म्हणत नाही.

काम तसं छोटंसंच आहे. एक भाव विचारायचा आहे. माझ्यासारख्या एकटीच्या रफूच्या दुकानाला वेबसाइट करून घ्यायची तर किती पडतात? तू त्याच धंद्यातला, म्हणून तुला विचारते.

झालंय असं, की कोपऱ्यावरचे लॉन्ड्रीवाले काका दुकान बंद करून लेकीकडे राहायला चाललेत. माझं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. कुणाच्या कोटाला कसर लागली, कुणाची शाल खिळ्याला अडकली, की ते म्हणायचे, "रफूवालीकडे द्या, कुठं फाटलं होतं ते तुम्हालाही सापडणार नाही." आता तसं म्हणणारं कुणी राहणार नाही. शेजारी दोन वर्षांपूर्वी एक घड्याळवाला आलाय, तो म्हणाला, "ताई, वेबसाइट करून घ्या. नाहीतर तुम्ही इथं बसलाय हे कळणार कुणाला?" मी हो म्हणाले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले.

या वेळी दुकानात ऊन येतं. आधी दोऱ्यांच्या डब्यांवर, मग टेबलावर, मग माझ्या मांडीवर. त्या तासाला मी अर्धीच जागी असते. सुई आपली आपण चालते आणि डोक्यात कुठलं कुठलं तरंगत राहतं. तुला ठाऊक आहे ते. तू लहान होतास तेव्हा याच वेळी माझ्या पायाशी झोपायचास आणि उठल्यावर पाण्याखालून आल्यासारखा बोलायचास.

असो. भावाचं सांगते.

तिघांना विचारलं. पहिले गृहस्थ फोनवरच भेटले. म्हणाले, साचा तयार आहे, तुमचं नाव घालायचं, परवा देतो. दोन कोटांच्या रफूएवढे पैसे. मी खूश. मग हळूच म्हणाले, दर महिन्याला थोडे थोडे भरत राहायचे, थांबलात की वेबसाइट गायब. मी विचारलं, "म्हणजे ती माझी कधीच होणार नाही?" ते म्हणाले, "तसं सगळ्यांचंच असतं." साच्यातली एक दाखवलीही. एका दाताच्या डॉक्टरांची होती. तीच रफूची होणार म्हणे.

दुसरं ऑफिस होतं, सगळं काचेचं. दोघांनी समोर बसून मला माझ्याच दुकानाबद्दल तासभर सांगितलं. आकडा ऐकला तो माझ्या नऊ महिन्यांच्या भाड्याचा. पाणी मात्र छान गार होतं. ते पिऊन आले.

तिसऱ्या एक बाई आहेत, घरूनच काम करतात. स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला निवडलेली भाजी. त्यांनी दोन महिन्यांच्या भाड्याएवढे सांगितले. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. वेबसाइटचं नाव आणि ती ठेवायची जागा, याचे दर वर्षी वेगळे, पण ते किरकोळ. फोटो काढायला माणूस आणला तर त्याचे वेगळे. मजकूर त्यांनी लिहायचा तर त्याचेही वेगळे. मी आपली सवयीने म्हणाले, "काही कमी करा की."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही एका बाहीला किती वेळ घेता?"

"बारीक वीण असेल तर दोन दिवस."

"आणि दोरा किती लागतो?"

"वीतभर. फार तर दोन."

"मग गिऱ्हाइकाकडून वीतभर दोऱ्याचे घेता का?"

मला हसू आलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायचं, मग कागदावर मांडून बघायचं, ते मोडायचं, पुन्हा मांडायचं. फोनच्या छोट्या पडद्यावर नीट दिसतं का, म्हाताऱ्या माणसाला अक्षर वाचता येतं का, ते बघायचं. म्हणाल्या, "लहान दुकानाचं काम मन लावून केलं तर दीड-दोन महिने जातात. एकट्याने सगळंच केलं, फोटो, मजकूर, सगळं, तर तीन."

तीन म्हटल्यावर माझं हसू थांबलं.

चिमण्या, तूही तीन महिने बसला होतास. दुकानाच्या मागच्या खोलीत, लोकरीच्या गठ्ठ्यांना टेकून. मी येता-जाता विचारायचे, "झालं का तुझं खेळून?" आणि तू म्हणायचास, "थोडंच राहिलंय." झाल्यावर कॉम्प्युटर घेऊन बाहेर आलास, तेव्हा एक निळा कोट न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. त्याने कौतुकाने विचारलं, "छान आहे हो, किती लागले?" आणि मी मान वर न करता म्हणाले, "पैसे कसले, घरचंच पोर आहे. रिकामाच असतो."

तू कॉम्प्युटरचं झाकण मिटलंस. आठवड्याने आता राहतोस त्या शहरात नोकरी धरलीस. मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, की भाऊ नोकरीसाठी गेला.

मी ती वेबसाइट तेव्हाही बघितली नव्हती. आधी हातात काम होतं म्हणून, मग तू गेलास म्हणून. केव्हाच बंद पडली असेल असं धरून चालले होते.

बाईंना मी एवढंच म्हटलं, की पूर्वी एक होती, भावाने केलेली. त्यांनी दुकानाचं नाव टाकलं आणि म्हणाल्या, "होती कसली, आहे की."

भाजीचं ताट बाजूला सरकवून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझीच खिडकी, चिमण्या. माझंच दुपारचं ऊन. त्यात माझे हात, कापडावर टेकलेले. माझे हात असे दिसतात हे मला माहीत नव्हतं. तू तो फोटो कधी काढलास? मी डुलकीत असणार. क्षणभर मला कळेना, की मी त्या टेबलाशी बसलेय की इथं, मांडीवर कोट घेऊन, आणि मागच्या खोलीतून तुझ्या बोटांचा टकटक आवाज येतोय.

खाली वेळ लिहिली होती. 'दुपारी दीड ते दोन ताई जेवते. थांबा, रागावू नका.' मी हसले. मग त्याच्याखाली, 'बुधवारी दुकान अकराला उघडतं.' आणि मी ती ओळ पुन्हा वाचली. कारण बुधवारचं मी तीन वर्षांपूर्वी सुरू केलं, डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. फोन नंबरही नवा होता. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, हवापाण्याच्या गप्पांत. तू 'हं' म्हणत होतास आणि लिहून घेत होतास.

लांबून लांबून लोक यायचे. म्हणायचे, नेटवर बघून आलो. मला वाटायचं, नकाशात दिसत असेन.

बाईंनी नोंदी काढल्या. अकरा वर्षं कुणीतरी दर वर्षी मुदत संपायच्या महिनाभर आधी पैसे भरत आलंय. ह्या वेळी भरले नाहीत. आणखी एकोणीस दिवसांनी वेबसाइटचं नाव हातातून सुटेल. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, मी वाचवते, मोठं काम नाही."

मला नावाची भीती नाही वाटली. तू फोन उचलला नव्हतास ती वाटली.

तेव्हा भावाचं राहू दे. तू बरा आहेस ना, एवढं कळव. आजारी असशील तर मी येते, दुकान काही पळून जात नाही. आणि बरा असशील, पण माझं ओझं वाहून दमला असशील, तर तसंही लिही. ते मला समजेल. मला आता त्या कामाची किंमत कळली आहे. परक्या माणसांना विचारत फिरल्यावर कळली, याची लाज वाटते. तू माझ्यासमोर तीन महिने बसला होतास, तेव्हा विचारायला हवी होती.

तू रिकामा नव्हतास. माझंच लक्ष नव्हतं.

वाट बघणारी,
ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

शि. सा. न. वि. वि. हे लिहायला शाळेत शिकवलं होतं, आज पहिल्यांदा उपयोगी पडलं.

मी ठणठणीत आहे. आधी तेवढं वाच आणि शांतपणे पाणी पी.

आता तुझा भाव. दोन महिन्यांचं भाडं रास्त आहे, बाईंशी घासाघीस करू नकोस. काचेच्या ऑफिसात मोठे कारखाने जातात. ते खोटे नाहीत, तुझ्यासाठी नाहीत इतकंच. साचा वाईट नसतो, पण तुला दाताचा डॉक्टर व्हायचं नाही. काय काय करून देणार, किती वेळा बदलून देणार, हे कागदावर लिहून घे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नकोस. वेबसाइटचं नाव नेहमी दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर असावं, करून देणाऱ्याच्या नव्हे. नाहीतर तो रुसला की दुकान अडकतं.

हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. तुझं नाव मात्र माझ्या नावावर ठेवलं होतं.

खरं सांगतो. ह्या वर्षी पैसे भरायचे चुकून राहिले नाहीत. मुद्दाम भरले नाहीत. फोनही मुद्दाम उचलला नाही. दर वर्षी पैसे भरायच्या दिवशी मी अर्धा तास ती पानं बघत बसायचो, काहीतरी नीटनेटकं करायचो, आणि वाटायचं, कधीतरी ताई बघेल. ह्या वेळी वाटलं, बंद पडू दे. पडल्यावर तरी कळतं का बघू. चाळिशीकडे झुकलेला माणूस आणि ही अक्कल. तुला आधीच सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू 'किती झाले?' म्हणून पाकीट काढलं असतंस, आणि मला पैसे नको होते.

तू त्या दिवशी म्हणालीस ते मला लागलं, हे खरं आहे. पण नुसतं त्यासाठी कुणी अकरा वर्षं लांब राहत नाही. पहिल्या वर्षी राग होता. नंतर लाज होती, की एवढ्याशासाठी गेलो. आणि मग सवय झाली. सवयीतून परत कसं यायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पत्र आलं त्याच दिवशी पैसे भरले. नाव तुझ्या नावावर करायचं असेल तर तुझी सही लागते. सही पोस्टानेही चालते, पण मी तसं करणार नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय, दुपारपर्यंत पोचेन. बाईंना म्हणावं, सोमवारी आपण तिघं बसून मांडू. नवी त्यांनीच करावी. मी फक्त त्यांना माझं जुनं काम नीट समजावून देईन, जसं एक कारागीर दुसऱ्याला देतो.

बोलायची घाई करू नकोस. आलो की थोडा वेळ नुसतं बसू.

घरी येणारा,
तुझा भाऊ