अर्धी बाटली आणि पाचवं शील

४ मे, रविवार

क्र. ४३. गव्हाची! बाबुलालने कागदात गुंडाळून बाजूला ठेवली होती. काल संध्याकाळी गच्चीवर उघडली. रंग ढगाळ, ताकाच्या निवळीसारखा. वास पिकल्या केळीचा. आणि मागून लवंग. तीनदा हुंगलं — लवंगच! कडूपणा नावाला. फेस पेपरातल्या अग्रलेखाच्या चौदा ओळी वाचून होईपर्यंत टिकला. एवढा आजवर कुणाचाच टिकला नव्हता. मागची ती स्ट्राँग पाचव्या ओळीलाच बसली होती.

अर्धी मी, अर्धी जास्वंदीला. जास्वंद माजली आहे नुसती.

बाबुलाल म्हणतो, "बाई, बाकीचे गिऱ्हाईक इचारते, चढते किती. तुम्ही इचारता, वास कसा हाय." त्याच्या बियर शॉपीवर पहिल्यांदा गेले तेव्हा बिचारा गडबडला होता. "प्रफुल्लभाऊसाठी का?" म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. "भाऊ गेले. माह्यासाठी पाह्यजे." तेव्हापासून तो मला मागच्या दाराने देतो. मी म्हटलं, समोरून दे की! तर म्हणतो, "तुमची नाई, माही इज्जत जाते. लोक म्हनन, बाबुलालनं बायाले बी नाई सोडलं."

७ मे, बुधवार

चव्वेचाळीस अंश. कूलरची मोटर गेली. प्रफुल्ल असते तर दहा मिनिटांत चालू केली असती.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात खीर. राजूरच्या आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, उन्हात डोळे दिपत होते. मी नेहमीसारखी कांताबाईंच्या शेजारी. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, शिवाय माझ्या भिंतीला भिंत. प्रफुल्ल गेले तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरी झोपल्या होत्या.

विहारातल्या वडीलधाऱ्या उकंडाभाऊंनी पाचही शीलं दिली. ते पुढे म्हणतात, आम्ही मागे. पहिली चार मी मोठ्याने म्हटली. पाचव्याला ओठ नुसते हलवले. पाचवं मद्याचं. दोन वर्षं असंच चाललं आहे. गर्दीत एक आवाज कमी झाला तर कुणाला कळतं!

हे सुरू कसं झालं ते कधी लिहिलं नाही, आज लिहिते. प्रफुल्ल खाणीत फिटर. पगाराच्या दिवशी एक बाटली आणायचे. एकच. गच्चीवर बसून तास-दीड तास पुरवायचे. त्या संध्याकाळी मी बोलायची नाही, ताट आपटून ठेवायची. ते हसायचे. "अवो, एक घोट घेऊन तं पाह्य. मंग भांड." तेवीस वर्षं भांडले, घोट काही घेतला नाही. ते गेल्यावर दोन वर्षांनी वाटलं, आपण भांडत होतो ते नेमकं कशाशी, हे तरी कळावं.

पहिली बाटली म्हणजे कडुनिंबाच्या काडीने दात घासून थुंकी गिळावी तशी. वहीत तसंच लिहिलं. दुसरी वेगळी निघाली. तिथेच फसले! दुसरीत शाळा सुटलेली बाई मी. किराण्याच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून वाचायला शिकले. लेबल दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, आणि वाचलं की आतलं खरं आहे का ते पाहावंसं वाटतं.

पण वर्षाच्या त्या बारा संध्याकाळी मी गप्प बसले. आता बोलायला शनिवार आहेत, माणूस नाही.

१८ मे, रविवार

दीपा नागपूरहून आली. ओढणीत गुंडाळलेले दोन टिन! लेक असावी तर अशी. क्र. ४५, काळी. मला आधी वाटलं खराब झाली. काळी म्हणजे काळी, खाणीच्या पाण्यासारखी. चव भाजलेल्या जवसाची, शेवटी करपलेला गूळ. फेस तपकिरी! सव्वीस ओळी! अग्रलेख संपला, पत्रव्यवहार सुरू करावा लागला.

दीपा म्हणाली, "आई, लोक याचे व्हिडिओ काढतात. तू पण काढ."

"आन् कांताबाईनं पाह्यला मंग?"

"त्या काय बघून राह्यल्या व्हिडिओ!"

"तुले माहीत नाई. त्यांच्या नातीनं त्यांना सगळं शिकवलं हाय."

दोघी इतक्या हसलो की शेजारून कांताबाईंनी विचारलं, "काय झालं वो?" दीपाने टिन पदराखाली घातला. माझ्याच.

२५ मे, रविवार

आज काय झालं!

विहारात वंदना संपल्यावर उकंडाभाऊ उठले. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात बाबासाहेबांचा ग्रंथ वाचायचा असतो. वीस वर्षं तेच वाचत आले. आज म्हणाले, "आता अक्षरं दिसत नाई मले. मोतीबिंदू काढला तरी नाई. यंदा उर्वशीबाईनं वाचावं." म्हणजे मी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! कांताबाईंनी पाठीवर थाप मारली. "दुसरी पास बाई वाचन आता. ते बीएवाले पोट्टे बसतीन खाली आयकत."

दुसरी नापास, असं म्हणणार होते. टाळ्यांत राहून गेलं.

घरी येताना रस्ताभर प्रफुल्लना सांगत आले. तीन महिने, रोज, माझा आवाज, आणि पूर्ण वस्ती ऐकत!

२६ मे, सोमवार

भांडी घासता घासता लक्षात आलं. वाचनाच्या आधी शीलं असतात. आणि जो वाचतो तोच ती देतो. तो पुढे, बाकी मागे.

पुढे असलेल्याला ओठ हलवून भागत नाही.

१ जून, रविवार

काल बाबुलालकडे गेले नाही. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. सोडून द्यावी, आणि काय!

दुसरा रस्ता म्हणजे म्हणायचं आणि पाळायचं नाही. वस्तीत असे पुष्कळ आहेत, मी नावं घेत नाही. पण बाबासाहेबांनी दिलेलं माईकवरून खोटं म्हणायचं? आणि ज्या तोंडाने खोटं म्हटलं त्याच तोंडाने पुढचं पान वाचायचं? ते नाही जमणार.

म्हणून सोडून देते. झालं.

७ जून, शनिवार

दुसरा शनिवार. गच्चीवर लिंबू सरबत घेऊन बसले. फेस — नाही. वास — लिंबाचा. कुणालाही आधीच माहीत असलेला.

पेपर वाचला. सगळाच वाचला, निविदांसकट.

१४ जून, शनिवार

तिसरा. आज खरं लिहिते. मला बियरवाचून काही होत नाही. हात कापत नाहीत, काही नाही. पण मला सोडायची नाहीये. त्या एका ग्लासापुरती मी कुणाची विधवा नसते, दीपाची आई नसते. एक नवीन वस्तू समोर असते आणि ती कशी आहे हे फक्त मी सांगायचं असतं. असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

ग्रंथ वाचायचाय तोही त्याच हौसेने! दोन्ही हवंय.

कांताबाईंना सांगावं लागेल. विहारात कोण वाचणार हे शेवटी त्याच ठरवतात.

१५ जून, रविवार

सांगितलं.

त्या चहाला आल्या होत्या. आधी अर्धा तास लोणच्यावर बोललो. कैऱ्या यंदा कशा रेषाळ निघाल्या वगैरे. मग मी वहीच पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, दोन पानं वाचली.

"हे काय होय? केळी, लवंगा, जवस... मसाला करून राह्यली का?"

"बियर हाय, कांताबाई. मी पेतो. शनिवारी, अर्धी बाटली. दोन वर्षं झाले."

त्यांनी वही मिटून चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, "प्रफुल्लभाऊच्या दुःखापायी पेतं का माय?"

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. त्यांनी मला जवळ घेतलं असतं, दोघी रडलो असतो.

"नाई. मले आवडते."

"दुःखापायी पेली असती तं मले समजलं असतं!" ओरडल्याच एकदम. "या वस्तीतल्या किती बायाईचे संसार गेले दारूनं. आपुन मोर्चे काढले, तू माह्यासंग होती. आन् तू चव घेऊन राह्यली? चव?"

"व्हय. चव."

उठल्या आणि गेल्या. चहा तसाच.

मोर्च्याचं त्या बोलल्या ते खरं आहे. मी पुढच्या रांगेत होते. आताही काढला तर जाईन. हे दोन्ही एका बाईत कसं मावतं ते मलाही सांगता येत नाही. पण मावतं.

१८ जून, बुधवार

नळावर कांताबाईंनी पाठ फिरवली. हंडा अर्धाच भरून गेल्या.

२२ जून, रविवार

उकंडाभाऊंनी विचारलं, "तयारी झाली का वाचनाची?" मी कांताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाहू." तेवढंच. कुणाला काही सांगितलेलं दिसत नाही. सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या शीलाला आज ओठही हलवले नाहीत. त्यांना माहीतच आहे, मग ढोंग कशाला!

२८ जून, शनिवार

बाबुलालकडे गेले. तो खूश. "बाई! मले वाटलं तुम्ही दुसरं दुकान पाह्यलं. तुमच्यासाठी आंब्याची ठेवली, तीन हप्त्यापासून."

क्र. ४६. आंबा कुठेच नाही, आंब्याचा वास लावलेली साबणवडी आहे. फेस तीन ओळी. पूर्ण जास्वंदीला. उद्या कळी गळली तर बाबुलालला नेऊन दाखवीन!

पुष्कळ दिवसांनी एकटीच हसले.

२९ जून, रविवार

जास्वंद ठीक आहे. तिलाही चव कळत नाही.

विहारात एक गोष्ट कळली. एक पोरगा म्हणे कांताबाईंनी घरी बोलावला होता — त्या बीएवाल्यांतला. वाचून घेतलं त्याच्याकडून. त्याची आईच सांगत होती. "अडखळते थोडा, पन सवय होईन."

चांगलं आहे. पोरांनी वाचलंच पाहिजे.

घरी येऊन ग्रंथ काढला आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. एकदाही अडखळले नाही. मग भिंतीपलीकडे भांडं वाजायचं थांबलं, तेव्हा मीही थांबले.

३ जुलै, गुरुवार

आता रोज वाचते. सकाळी, दार उघडं ठेवून. माईक नसेल तर नसेल.

आज नववं पान. एरवी मनात सतत असणारा प्रफुल्लचा आवाज वाचताना आठवला नाही, हे वाचून झाल्यावर लक्षात आलं. पहिल्यांदाच. वाईट वाटावं की नाही ते ठरवता आलं नाही. मग पोळ्या केल्या.

६ जुलै, रविवार

भिंतीपलीकडून कांताबाईंचा आवाज, आज सकाळी, माझं वाचन चालू असताना: "जरा हळू! मले मागचं वाक्य समजलं नाई."

तीन आठवड्यांतलं पहिलं बोलणं. मी मागचं वाक्य पुन्हा वाचलं. हळू.

१० जुलै, गुरुवार

आषाढ पौर्णिमा. उजाडताच कांताबाई आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या. "ग्रंथ तूच वाच. तो पोट्टा 'दुःख' म्हनते आन् हासते." मग म्हणाल्या, "पाचवं शील मी देतो. बाकी चार तू दे. चौथं तं तूच दे."

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. "काहून?" मी विचारलं.

"ते मी म्हनत नाई. एकोनतीस वर्षं झाले. नुसते ओठ हालवतो."

खोटं कोणतं ते मी विचारलं नाही. त्यांनीही बाटलीचं नाव विचारलं नव्हतं.