बदलून मिळालेला वैरी

मुक्काम ब्रॅन्सकोम, कॅन्सस
नोव्हेंबरचा पहिला रविवार

तीर्थस्वरूप डेल्मर दाजी यांस,

मर्लचा दंडवत. (गुडघा बदलल्यापासून खाली वाकलो तर वर काढायला माणसं बोलवावी लागतात, तेव्हा उभ्यानेच घातला आहे.) तुमची कंबर, तुमचा रक्तदाब आणि ती खोकणारी ट्रक, तिघांचीही खुशाली कळवावी. टिल्डनच्या फुटबॉल संघाची खुशाली विचारत नाही. ती गेल्या शनिवारी टीव्हीवर पाहिली, आणि आजाऱ्याबद्दल वाईट बोलू नये असं आईने आम्हाला शिकवलं आहे. इकडे नोरीन मजेत आहे, कुत्रं मजेत आहे, आणि मी, तुमच्या आशीर्वादाने नव्हे पण, ठीक आहे.

आता, पत्र लिहायची तुमच्या-माझ्यात रीत नाही हे मला ठाऊक आहे. कधी गरजच पडली नाही. नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी तुम्ही ते विटक्या नारिंगी रंगाचं टोपडं घालून आमच्या स्टेडियमबाहेरच्या पार्किंगात यायचं (एका वर्षाआड मी हिरवी टोपी घालून तुमच्याकडे), मी पहाटेपासून धुराच्या भट्टीवर भाजलेलं मांस तुमच्या ताटात वाढायचं, तुम्ही ते कोरडं झालंय म्हणायचं, मी तुमच्या पोरांना चेंडू धरता येत नाही म्हणायचं, आणि वर्षभराचं बोलणं त्यात उरकायचं. तुमचं लग्न झाल्यापासून हे चालत आलं. अर्डिसताई गेली त्या वर्षीही चुकलं नाही. त्या दिवशी दोघांपैकी कोणीच तिचं नाव काढलं नाही, पण तुम्ही मांसाला नावं ठेवलीत तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. यंदा तो सामनाच नाही, आणि पुढेही नाही. म्हणजे आपली गाठ पडायला निमित्त उरलं नाही. पण म्हणून हे पत्र लिहितो आहे असं समजू नये. आमच्या कॉलेजाबद्दल तुमच्या गावात जे भलतंसलतं बोललं जातं ते दुरुस्त व्हावं, इतकाच हेतू.

तुमच्याकडे म्हणतात की ब्रॅन्सकोमने पैशासाठी टिल्डनला सोडलं. हे साफ खोटं आहे. टीव्हीवाल्यांच्या पैशासाठी सोडलं, आणि ते पैसे वेगळे असतात असं खुद्द आमचे कुलगुरू म्हणाले. एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा आपला जुना गट बिचारा सुखाने नांदत होता. सगळी कॉलेजं इतकी जवळ की वेळ पडली तर ट्रॅक्टरवरून सामन्याला जावं. मग देशातल्या मोठ्या गटांनी स्थळं बघायला सुरुवात केली. एका गटाच्या नावात दहा आहेत आणि आत अठरा (आणि ही गणित शिकवणारी कॉलेजं). दुसऱ्यातून सगळे निघून गेले आणि मागे दोनच उरले, ते एकमेकांचं तोंड बघत बसले. जो तो घाबरला की आपलीच उजवायची राहते की काय. अशात अटलांटिक किनारा गटाचं स्थळ आमच्याकडे चालून आलं. कॅन्ससातून कुठल्याही दिशेला गाडी हाकली तरी समुद्र लागेपर्यंत माणूस कंटाळून परत फिरतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण कुलगुरूंनी सभेत भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाला उभं केलं. त्याने सांगितलं की कोट्यवधी वर्षांपूर्वी कॅन्सस म्हणजे समुद्रच होता, आमच्या संग्रहालयात त्या काळचा मासाही आहे, तेव्हा आपण किनाऱ्याला नव्याने जात नसून घरी परत जात आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (मासा मी पाहिला आहे. तोंड थेट तुमच्या कोचसारखं आहे.) तुम्हाला कोणी मागणी घातली नाही याचं आम्हाला वाईट वाटलं, पण ते टाळ्या संपल्यावर.

नव्या गटाचा नियम असा की प्रत्येक कॉलेजाला एक कायमचा वैरी हवा, कारण वैराचे सामने टीव्हीवर जास्त बघतात. आम्ही कळवलं की वैरी आमच्याकडे आहे, चांगला जुना, वापरून मुरलेला, पलीकडच्याच तालुक्यात राहतो. ते म्हणाले तो गटाबाहेरचा, चालणार नाही, आणि आम्हाला केप हॉलिस नेमून दिलं. हे पार तिकडे मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आहे. कारण काय, तर आमचा हिरवा आणि त्यांचा जांभळा टीव्हीवर शेजारी-शेजारी खुलून दिसतात. सोबत जिंकणाऱ्यासाठी काचेचं एक स्मृतिचिन्हही बनवून पाठवलं: अर्धं कणीस, अर्धा शिंपला. नोरीनने बघितलं आणि म्हणाली, कुणाला बाधलेलं जेवण दिसतंय.

पार्किंगातल्या आमच्या रांगेचा म्होरक्या हर्शेल, तुम्ही ओळखता (टायरच्या दुकानवाला, तुमच्या टोपीवर मोहरीची चटणी सांडली आणि मुद्दाम नाही म्हणाला तो). त्याने द्वेष कसा करायचा यावर बैठक घेतली. दाजी, द्वेष करायचा तर माणूस माहितीतला लागतो. टिल्डनचा माणूस म्हटलं की मला झोपेतही बोलता येतं: वळताना दिवा दाखवत नाही, दालचिनीचा रोल चिलीच्या तिखट रश्श्यात बुडवून खातो (आम्ही बाजूला ठेवून खातो), आणि हरला की वाऱ्याचं कारण सांगतो. केप हॉलिसबद्दल काय बोलणार? शेवटी कोणीतरी म्हणालं, ते मासे खातात. त्यावर नोरीन म्हणाली, 'मग? मीपण शुक्रवारी खाते.' बैठक तिथेच गळपटली. हर्शेलने मात्र जिद्द सोडली नाही. ओरडायला एक घोषणा तयार केली आणि टायरच्या दुकानात हवा भरता भरता पाठ केली: 'आज तुम्हाला पुरल्याशिवाय जाणार नाही!'

ऑक्टोबरात आम्ही तिघं निघालो. हर्शेलची ट्रक, मागे माझी भट्टी जोडलेली. सामन्याच्या पहाटे वाटेतल्या मोटेलच्या आवारात मांस चढवलं आणि धूर सोडतच केप हॉलिसमध्ये शिरलो. (मागच्या गाड्यांनी दिवे लावले. आम्हाला वाटलं स्वागत आहे.) तर समोर गाड्यांची ही लांबलचक रांग, आणि प्रत्येक टपावर छोटा जांभळा झेंडा! आता तुम्हीच सांगा. आपल्या गावाकडे मयताच्या गाड्या नुसते दिवे लावून जातात. गाडीवर झेंडा म्हटला की तो फुटबॉलचा, यात शंका घ्यायला कॅन्ससचा माणूस शिकलेलाच नाही. गाडी मी चालवत होतो; हर्शेल म्हणाला, 'घुसव मध्ये! यांच्यामागे गेलं की थेट स्टेडियम.'

'फार हळू चाललीत हो ही माणसं,' नोरीन म्हणाली.

'हरायच्या भीतीने,' हर्शेल म्हणाला.

पुढची काळी लांब गाडी वळणाआड गेलेली होती, ती आम्हाला दिसली नाही. आम्ही पोचलो ते एका चर्चच्या मागच्या आवारात. छान मोकळी जागा, कडेला हिरवळ, माणसं काळे-जांभळे कपडे घालून गुपचूप उतरत होती. मी म्हटलं, गाव शिस्तीचं दिसतंय. भट्टी उघडली, टेबल मांडलं, हिरवा झेंडा रोवला. हर्शेलने डोक्यावर हिरवा टोप चढवला, ट्रकच्या हौद्यात उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून, सगळ्या दुकानाचा दम एकवटून, घोषणा दिली.

इतकी शांतता मी आमच्या स्टेडियमात तुम्ही जिंकलात तेव्हाही ऐकली नव्हती. मग एक काळ्या पोशाखातली म्हातारी बाई सावकाश चालत आली, हर्शेलकडे वर बघितलं आणि मऊ आवाजात विचारलं, 'खड्डा खणायला आलेले तुम्हीच का? मला वाटलं ती माणसं सकाळीच येऊन गेली.'

हर्शेलने टोप काढला. मग टोपाखालची टोपी काढली. आणखी काढण्यासारखं काही नव्हतं म्हणून खाली उतरला. नोरीन कशीबशी म्हणाली, 'नाही हो बाई, आम्ही कॅन्ससहून आलोय.' बाईचे डोळे एकदम भरले. 'कॅन्ससहून? माझ्या मॅन्युएलसाठी? इतक्या लांबून, आणि जेवण घेऊन?' दाजी, त्या क्षणी खरं बोलणारा माणूस असेल तर तो टिल्डनचा असेल. मी म्हटलं, 'यायलाच हवं होतं.'

मग काय, आम्ही राहिलो. प्रार्थनेला मागच्या बाकापाशी उभे राहिलो, खुर्च्या लावल्या, मातीची मूठ टाकली. पंगत आमच्याच टेबलावर बसली. लोक येऊन माझा हात हातात घेत आणि मॅन्युएलबद्दल चांगलं चांगलं सांगत, आणि मी मान हलवत असे. कुणी मांसाला नावं ठेवली नाहीत. सगळे म्हणाले, छान झालंय. ते ऐकून मला उगाच कसंतरी होत होतं. मग अ‍ॅन्सेल्मो नावाचा एक थोराड म्हातारा आला, त्या बाईचा भाऊ, म्हणजे मॅन्युएलचा मेव्हणा. त्याने एक तुकडा बराच वेळ चावला.

'हे कुणी केलंय?'

'मी.'

'मी उपासमारीत चप्पल चघळली आहे. ती मऊ होती.'

मी म्हटलं, 'तुमच्याकडे माशाशिवाय कशाला हात लावता येतो का?'

'मासा निदान ओला तरी असतो,' तो म्हणाला, आणि आणखी एक तुकडा घेऊन माझ्या शेजारी बर्फाच्या पेटीवर टेकला.

त्या सबंध प्रवासात मला पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटलं. बराच वेळ आम्ही एकमेकांच्या गावाची लाज काढली. मग तो म्हणाला, 'जन्मभर मी मेव्हण्याच्या होडीला नावं ठेवली. चांगली होडी होती. आता ती कुणी का नेईना, मला कुणाशी भांडायचंय?' मी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. दाजी, मला तिथे तुमची फार आठवण आली. हे मी एकदाच लिहितो आहे, पुन्हा विचारू नका.

स्टेडियमात पोचलो तेव्हा सामना निम्मा संपला होता. आम्ही जिंकलो. दणकून जिंकलो. मी उठलो, आता कुणाला तरी खिजवावं म्हणून जांभळ्या टोपीवाल्यांकडे वळलो, तर शेजारची बाई टाळ्या वाजवत म्हणाली, 'किती सुंदर खेळली हो तुमची मुलं! घरी नीट जा, वाटेत पाऊस आहे.' तिच्या नवऱ्याने आम्हाला सफरचंदं दिली. दाजी, जिंकून असा अपमान माझा कधी झाला नव्हता. तुमच्याकडून हरलो तेव्हा तुम्ही माझ्या ट्रकभोवती नारिंगी टोपडं फिरवत नाचलात, पुढचा अख्खा हिवाळा मी धुमसत काढला, आणि तो हिवाळा मला आजही आठवतो. हा विजय मला घरी येईपर्यंतसुद्धा पुरला नाही. हर्शेलने सबंध ओहायो राज्य ती सफरचंदं खात गाडी हाकत काढलं. ते काचेचं कणीस-शिंपलं कुलगुरूंनी माशाशेजारी ठेवलं आहे.

तर अशी हकिगत आहे. आम्ही नव्या घरी सुखात आहोत, प्रगती जोरात आहे, आणि टिल्डनची उणीव आम्हाला भासत नाही, हे तुमच्या गावात जरूर सांगावं. कंबरेला जपावं. वडिलकीच्या नात्याने काही चुकलं-माकलं असल्यास माफ न करता मनात ठेवावं, म्हणजे उपयोगी पडेल.

आपला धाकटा मेव्हणा,
मर्ल पेन्नर

ता. क. : नोरीन विचारते, अर्डिसताई बटाट्याच्या सॅलडमध्ये काय घालायची? नोरीनने सगळं घालून पाहिलं. तुम्हाला ठाऊक नसणारच, पण विचारून ठेवलं.

ता. क. २ : नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी आमचा संघ फ्लोरिडात आहे, आणि तुमच्या संघाला सुट्टी आहे असं वेळापत्रकात दिसलं. (मी टिल्डनचं वेळापत्रक बघत नाही. दिसलं.) आमचं स्टेडियम बंद असेल, पण पार्किंगच्या पहारेकऱ्याशी मी बोललो आहे. त्याने विचारलं, सामना नसताना इथे काय करणार? मी म्हटलं, तुला काय करायचंय. मी नेहमीच्या रांगेत पहाटे भट्टी पेटवणार आहे. नोरीन म्हणते थंडीत कुडकुडण्यापेक्षा त्यांना घरी जेवायला बोलवा. पण घरी तुम्ही पाहुणे, मग मला नीट वागावं लागेल, तुम्हाला मांस छान झालंय म्हणावं लागेल, आणि मग आपण बोलणार काय? अर्डिसताई गेल्यापासून मी तुम्हाला फोन करायला कितीदा तरी उचलला आणि ठेवून दिला. काय बोलतात ते मला येत नाही. पार्किंगात मला येतं.

ता. क. ३ : येत नसाल तर तसं कळवू नका. मी अंधार पडेपर्यंत तुम्ही रस्ता चुकलात असंच धरून बसेन. टिल्डनच्या माणसाच्या बाबतीत ते कुणालाही पटेल.