तिसऱ्या कोठ्याचं झाकण

जहाजावरून, ३ मार्च

प्रिय बाईसाहेब,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. माझ्या तीन पत्रांना तुझं एकच उत्तर, तेही शाईची काटकसर करून!

तुझा भाऊ मजेत आहे. जहाजावर सुताराचं काय काम, असं विचारलं होतंस. अगं, रंधा तो महिन्यातून एकदा हातात घेतो. त्याचं खरं काम पाणी मोजायचं. मालाच्या प्रत्येक कोठ्याखाली खड्डा असतो, झिरपलेलं पाणी तिथे साठतं. रोज सकाळी सुतारानं डेकवरच्या नळीतून सळई खाली सोडायची, ती किती इंच भिजली ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. ती वही मी तपासतो, कारण चीफ ऑफिसर म्हणून माल सांभाळणं माझ्या गळ्यात.

काल महाशय तोंड पाडून आले. तिसऱ्या कोठ्याच्या नळीचं झाकण गंजून बसलंय, तोडू का म्हणाले. पुढच्या बंदरात कंपनीचे साहेब जहाज बघायला येणार, माझ्या कप्तानपदाचं तिथेच ठरणार, आणि हा मोडतोडीच्या गोष्टी करतोय! मी सांगितलं, कालचाच आकडा लिहीत जा, बंदर सोडल्यावर बघू. तरी तासभर घुटमळत होता. अगदी तुझ्यावर गेलाय, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

बाकी क्षेम. राग असेल तर तोही पाकिटात घालून पाठव, पण पत्र पाठव.

तुझाच

---

खलाशांचं वसतिगृह, २१ मार्च

ति. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्ता बघून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. मला जहाजावरून उतरवलंय.

तिसऱ्या कोठ्यात पाणी शिरलं. साखरेच्या पोत्यांचे खालचे दोन थर विरघळून गेले. वहीत मात्र सहा दिवस माझ्या अक्षरात 'दोन इंच' लिहिलेलं. सळई नळीत गेलीच नव्हती, ताई. झाकण निघत नव्हतं. भाऊजींनी कालचा आकडा लिहायला सांगितलं आणि मी लिहिला. बाबांनी आपल्याला लाकूड दोनदा मोजल्याशिवाय करवत लावू दिली नाही, आणि मी न मोजता सहा वेळा लिहिलं. याची लाज वाटते.

चौकशीत मी हे सगळं सांगितलं. भाऊजींना विचारल्यावर ते म्हणाले, झाकणाचं मला कुणी कळवलंच नाही. वर असंही म्हणाले, की हा माझ्याच घरचा, मीच नोकरीला लावला, म्हणून जास्त वाईट वाटतं. सगळे हळहळले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल पंधरा एप्रिलला. माझं खलाशाचं पुस्तक रद्द झालं तर कुठलंच जहाज मला घेणार नाही. मी तोंडी सांगतो, त्यांचंही तोंडी. सुताराचं कोण ऐकणार? पण माझ्यापायी तू त्यांच्याशी भांडू नकोस. तुला त्यांच्याबरोबर जन्म काढायचाय.

काळजी करू नकोस, माया मात्र आहे तेवढी राहू दे.

तुझा धाकटा

---

जहाजावरून, २ एप्रिल

प्रिय,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ना आशीर्वाद मागितलेस, ना खुशाली विचारलीस. मी खोटं बोललो का, एवढंच.

तुला जहाजावरचे कायदे माहीत नाहीत. सही ज्याची, जबाबदारी त्याची. त्याचं वय लहान आहे, हातात कला आहे, खुर्च्या-टेबलं करूनही पोट भरेल. मी वीस वर्षं कप्तानाच्या बाहीवरच्या या एका पट्टीसाठी घालवली. मी कप्तान झालो की त्याला कुठेतरी चिकटवीनच, माझा शब्द आहे.

आणि हो, माझं तीन मार्चचं पत्र तुझ्याकडे असेल. ते जाळून टाक. उगाच कुणाच्या हाती लागायला नको. आपल्या घराच्या भल्यासाठीच सांगतोय.

समजून घे.

तुझाच

---

घरून, ९ एप्रिल

स. न. वि. वि.

पत्र जाळलं नाही. काल ते घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले. दोन तास बाकावर बसवलं, मग साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी तुमचं अक्षर चौकशीच्या कागदांवरच्या अक्षराशी ताडून पाहिलं आणि पत्र परत सुरुवातीपासून वाचलं. त्यांना शंका आली असती तरी ती फार टिकली नसती, कारण दुसरं पत्रही मी सोबत नेलं होतं. पहिलं जाळ म्हणून लिहिलंत, पण हे दुसरं जाळायला सांगायचं राहून गेलं तुमचं.

माझ्या भावाचं चुकलंच. तो ते स्वतःच्या तोंडानं कबूल करतो. तुम्ही मात्र त्याची चूक पांघरून उबेत बसलात. त्याला तुमच्या हाती सोपवताना मी किती निश्चिंत होते! बंदरावर निघताना त्याची पेटी तुम्ही उचललीत, तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं. त्या कौतुकाची आज चीड येते.

साहेबांनी त्याला परत जबानीला बोलावलंय, तुम्हालाही येईल बोलावणं. तुमचे कपडे इस्त्री करून कपाटात ठेवलेत, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. मी बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात राहायला जातेय. तो चौकशीहून परत येईल तेव्हा दार उघडायला कुणीतरी हवं.

तुमची सगळी पत्रं मी जपून ठेवली होती, पुन्हापुन्हा वाचायची. आता ती नको वाटतात. यापुढे लिहू नका.

लोभ होता.

सुताराची ताई