पाच नंबरची काठी

२ नोव्हें. २००३, रवि. जव्हार
सासरे, आण्णा, सकाळच्या गाडीने खोडाळ्याहून आले. पाटबंधारे खात्यात असताना धरणावर कुणा साहेबाला फ्लाय फिशिंग करताना पाहिलं होतं, ते डोक्यातून गेलेलं नाही. आता रिटायर, सासूबाई गेल्यापासून घरात एकटे. म्हणाले, "जावईबापू, नदी निवळली. आता सामान आणू." लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघांनी मिळून करायचं असं हे पहिलंच. हो म्हणून टाकलं.
सुलभा म्हणाली, "आण्णांना हौस आणि तुम्हाला भीड."

८ नोव्हें., शनि. मुंबई
क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीतलं दुकान. म्हातारा दुकानदार समजावत होता. साध्या गळाला वजन असतं. इथे गळाला बांधलेल्या खोट्या माशीला वजनच नाही, नुसती पिसं नि दोरा. वजन दोरीला. "दोरी फेकायची, माशी आपोआप जाते." म्हणून काठी नि दोरी एकाच नंबरची हवी. आण्णांना जाडजूड आठ नंबर पाहिजे, मोठा खडस मासा लागला तर? दुकानदार : "नवा हात आहे चाचा, पाच घ्या." आण्णा तिरसटले. शेवटी पाचच. चार तुकड्यांची, एस्टीत मावेल अशी. साधं काळं रीळ.
माश्यांवरून दुकानातच जुंपली. मला बारीक तपकिरी हव्या होत्या, नदीवर दिसतात तशा. त्यांनी मोठ्या, लाल पिसांच्या उचलल्या. दोन्ही घेतल्या.
दुकानदाराने बजावलं: गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. आणि चष्मा लावा, दोघांनी.
आण्णा : "गॉगल लावून मी काय हिरो दिसणार?"
मीही हसलो. चष्मे राहिले.

९ नोव्हें.
मागच्या अंगणात सराव, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. आण्णांना थांबता येतं. मला नाही, दोरी गळ्याभोवती.
माझ्या माश्यांचे काटे चेपले. आण्णांनी स्वतःचे ठेवले. "चेपला तर मासा सुटणार." मी जास्त ताणलं नाही.

१९ नोव्हें. नाशिक
एका डोळ्याने लिहितोय. ओळी वर चढतायत.
रविवारी खोडाळ्याच्या खाली नदीवर. वारा सुटलेला. आण्णा फेकत होते, मी मागे, डावीकडे, जरा जास्तच जवळ. दोरीचा सूं आवाज आला. मग डाव्या डोळ्यात ठिणगी. हात वर गेला तसे ओरडले, "विनायक! हात लावू नको!" नावाने कधी हाक मारली नव्हती.
लाल माशी पापणीतून आत रुतलेली. दोरीच्या टोकाचं नायलॉन त्यांनी दातांनी तोडलं. जीपवाला सारखा सांगत होता, "डोला उघडू नको सायेब, रडू बी नको." मोखाड्याला डॉक्टरांनी गळाला हात लावला नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा चिकटवला आणि नाशिकला पाठवलं. त्र्यंबकच्या वळणांवर आण्णांनी माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.
उलट्या काट्यामुळे कापून काढावा लागला. बुबुळाला टाके. दिसेल ना? डॉक्टर : "टाके निघाल्यावर बोलू."
सु. जव्हारहून पोचली. मला बघितलं, मग त्यांच्याकडे वळली. "आण्णा, तुम्ही घरी जा."
गेले. पिशवी इथेच राहिली.

२६ नोव्हें. जव्हार
घरी आणलं. थेंब, काळोखी खोली, परत थेंब. आण्णांचा फोन नाही. मी करतो, नुसता वाजतो. काठी सु.ने माळ्यावर टाकली.
आज म्हटलं, बोलाव ना त्यांना. थेंब घालता घालता तिचा हात थांबला.
"परका असता तर एव्हाना चहाला बोलावला असता. दुकानदाराने सांगितलं होतं ना?"
"मलाही सांगितलं होतं."
"हो. आणि मला जन्मभर तुमच्या दोघांकडे बघायचंय."
मी मान मागे टाकली, तिने थेंब घातला.

१५ डिसें.
ऑफिसला हजर. पट्टी निघाली, पण डाव्या बाजूला नुसतं धुकं. पंचायत समितीच्या जिन्यात शेवटची पायरी नव्हतीच, मी पाय टाकला. पडता पडता वाचलो. चहा कपाबाहेर ओतला. सगळे बघून न बघितल्यासारखे.
शिपाई काशिनाथ खोडाळ्याचाच. त्याला विचारलं. "आन्ना बाजारात नाय दिसत. दार लोटून बसतात. नदीव बी नाय."
सु.ला सांगितलं नाही.

२८ डिसें., रवि.
मोखाड्याला काम आहे सांगून खोडाळ्याला गेलो.
दार लोटलेलं. ढकललं. आण्णा स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होते, डाव्या डोळ्यावर उपरणं करकचून बांधलेलं. निम्मं रॉकेल फरशीवर. मला बघून उपरणं सोडायची घाई केली, गाठ सुटेना.
"बघत होतो, कितपत जमतं."
मी गाठ सोडली. डोळ्याभोवती वळ उठलेला.
"दिसतं का?"
म्हटलं, दिसतं.
माझ्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. रॉकेलचा वास. "किती बोटं?"
उजेड होता. काहीतरी हलत होतं. बोटं नव्हती. म्हटलं, "तीन."
तळवा काढला. समोर त्यांची मिटलेली मूठ.
नंतर बराच वेळ आम्ही फरशी पुसत होतो. दोघंही.

२९ डिसें.
सु.ला सगळं सांगितलं. खोटं बोलून गेलो म्हणून आधी भडकली. मग एकदम, "फडकं कुठल्या डोळ्याला?"
"डाव्या."
उठून आत गेली. भांड्यांचा आवाज येईल वाटलं. नाही आला.

८ जाने. २००४
उद्या टाके काढायचेत. दोन दिवस जेवण जात नाही.
संध्याकाळी सु.ने स्वतः फोन लावला. बराच वाजला, मग उचलला गेला. ती एवढंच बोलली, "उद्या नाशिकला जातोय. मोखाड्याच्या स्टँडवर, पहिली गाडी." आणि ठेवून दिला.
"येतील?"
"विचारलं नाही."

९ जाने. नाशिक
दवाखान्याच्या बाकावर. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून नजर अंधूक व्हायच्या आत लिहून घेतो.
मोखाड्याला आण्णा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. चढले आणि आमच्याकडे न बघता ड्रायव्हरच्या मागे बसले. त्र्यंबकला गाडी थांबली तेव्हा सु. उठली आणि पुढे त्यांच्या शेजारी जाऊन बसली. काय बोलले, गाडीच्या घरघरीत ऐकू आलं नाही. एकदा तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, एवढं उजव्या डोळ्याला दिसलं.
आता तिघंही बाकावर. सु.चा हात गार आहे. टाके काढल्यावर लगेच कळतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंय.
नाव पुकारलं. माझ्याआधी आण्णा उठले.