सईची कोरी ट्रंक

मंगळवार, संध्याकाळ

अंदमानला बदली झाली, म्हणून संदेशने रविवारी काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नावं घातली. नौदलात सगळेच घालतात. त्याची ट्रंक झाली, माझी झाली. सईची छोटी तेवढी कोरीच राहिली. विचारलं तर म्हणाला, "रंग संपला गं."

आज पडवीत केर काढताना डबा हलवून पाहिला. अर्धा भरलेला.

मग संपला कसा म्हणाला हा?

सासूबाईही दोन दिवस फार गोड बोलतायत. आज मिरकरवाड्याहून सुरमई आणली, सईला आवडते म्हणून. तिला भरवताना विचारत होत्या, "आजीजवळ राहशील ना गो?" मला वाटलं, लाड चाललेत. पण आता शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "बरं झालं, पोर इथल्याच शाळेत जाणार."

म्हणजे माय-लेकांचं ठरलंसुद्धा? लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही तिघं एकत्र राहणार होतो. मला कधी सांगणार होते, जहाजात बसल्यावर?

अर्धा डबा रंग! खोटं बोलायचं तर निदान डबा लपवायचा.

मीच ब्रश घेतला आणि सईचं नाव घातलं. अक्षरं वाकडी आली, पण मोठी आली. ट्रंक मुद्दाम दारातच वाळत ठेवलीय. दोघं देवळातून येतीलच.

बघू, आधी कोण दचकतं.