सांडता नळ

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी पत्र्यावर मीठ सांडल्यावानी पांढरं! बोट लावलं तर बोटच चिकटलं. घराच्या मालकीणबाईला म्हणलं, "ये थंडी अब शुरू हुई बोलो, रुकती कब?" ती म्हणाली, "अप्रैल में, अम्मा." एप्रिलात! आमच्या लातूरकडच्या मुरुडला एप्रिलात माणूस भाजून निघतं.

दहाला ऊन आलं, सगळं विरघळलं. इथलं ऊन म्हणजे सासूनं सुनेला तूप वाढावं तसं, चमचाभर. तीनला डोंगरामागं पसार.

मंजीला सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण, माहेरी मुरुडलाच करायचं. म्हणून तर लेकानं मला एवढ्या लांब हिमाचलात धाडलं, नातीला घेऊन ये म्हणून. येऊन पंधरा दिवस झाले. ती म्हणते, "अव्वा, बँकेत मी एकटीच साहेब. अठ्ठावीसला दुसरा माणूस येणार, मग निघू." अन् घाट? मोठं बर्फ पडलं की एकच रस्ता, तो बंद. उन्हाळ्यापर्यंत बंद. मग बाळंतपण कोण करणार, डोंगर?

७ ऑक्टोबर, मंगळवार

झाडं पिवळीधम्मक झालीत. वारं सुटलं की पानं नुसती बदाबदा. बाया पाठीवर गवताचे भारे आणून छतावर रचून राहिल्यात. लाकडं, वाळवलेली भाजी, सगळं सहा महिन्यांचं. मी पण राजमा सोलायला बसले. रिकामं बसलं की माझे गुडघे बोलतात.

एकीनं विचारलं, पोतीचं, म्हणजे नातीचं, कधी आहे? म्हणलं, डिसेंबर. सगळ्यांचे हात थांबले. मला त्यांचं हिंदी अर्धंच कळतं, पण बायांचे हात थांबलेले पुरते कळतात. मग मालकीणबाईनं सांगितलं, मागच्या थंडीत वरच्या आळीची सून अडली. हेलिकॉप्टर मागवलं. ढगापायी नऊ दिवस आलंच नाही. सून वाचली. लेकरू गेलं.

मंजीला सांगितलं. "अव्वा, मला घाबरवू नको." मी कशाला घाबरवू? मीच घाबरून बसलीय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

भांडण. म्हणलं, तुझ्या वरच्या साहेबाला फोन कर, आत्ताच सोड म्हणावं. तर म्हणते, "बाई हाय म्हणून अर्ध्यात पळाली म्हणतील." म्हणू दे की! म्हणणाऱ्याच्या घरी पाळणा बांधायचाय का? जेवताना फुगून बसली, पण भाकर तिसरी मागून घेतली.

११ ऑक्टोबर, शनिवार

मालकीणबाई खास सांगायला आली. आजपासून पाणी गोठणार. नळ बंद करू नका, रात्रभर धार सोडून ठेवा. वाहतं पाणी गोठत नाही. बंद केला तर आतलं पाणी गोठून फुगतं, पाईप फुटतो.

रात्रभर नळ सांडता ठेवायचा! आमच्याकडं आठ दिवसाला नळ येतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली मी एक घागर तीन दिवस पुरवलीय. अन् इथं चांगलं पाणी मोरीत सोडून झोपायचं!

धारेखाली बादली लावली. भरली. मग घागर. मग पातेली, कढई, डबे. मंजी पोट धरून हसली. "अव्वा, खाली नदी वाहती की!" वाहू दे. तिची ती वाहती, माझ्या नळाचं मी बघते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज पण धार चालूच. सगळी भांडी भरलेली. परात सुद्धा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काय करून बसले मी!

काल जेवणं झाल्यावर भांडं ठेवायला जागा उरली नाही. मोरीत पाणी चाललेलं बघवेना. हात आपोआप गेला. नळ बंद करून झोपले, अन् झोप पण लई छान लागली.

सकाळी पाईप उभा चिरलेला. ऊन आल्यावर आतलं बर्फ सुटलं अन् पाण्याचा फवारा थेट खोलीत. गाद्या, पीठ, लाकडं, बुखारी, म्हणजे इथली लोखंडी शेगडी, सगळं भिजलं. लाईट गेली. माझी भरलेली भांडी दगड झाली होती. घागरीचं बूड फुगून फुटलं.

"अम्मा, बोला था ना!" मालकीणबाई म्हणाली. बरोबरच बोलली. उभ्या जन्मात मी कुणापुढं मान खाली घातली नव्हती, आज घातली. आठव्या महिन्यात पडणारी पोरगी, अन् मी तिचं अंथरूण भिजवून ठेवलं. तिला ताप आला तर? घसरून पडली तर?

मंजी दारात उभी. आता ओरडंल म्हणलं. नाही ओरडली. मोबाईल काढला, दोन्ही खोल्यांचे फोटो काढले, साहेबाला धाडले. दुसरी खोली भाड्यानं मिळेना, यात्रेकरूंना देतात त्या घरांना कुलपं लावून मालक सगळे खाली गेलेत. दुपारी साहेबाचाच फोन. "मॅडम, तुम्ही उद्या निघा. ब्रांच आम्ही बघतो."

मी जिथं तीन आठवडे घसा कोरडा केला, तिथं चार फोटो पुरले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घाट उतरलो. उतरलो एकदाचा!

माथ्यावर बारीक पांढरं भुरभुरून राहिलं होतं. ड्रायव्हर बोलायचा थांबला तेव्हा मी शिव शिव सुरू केलं. एका बाजूला कडा, एका बाजूला काहीच नाही. मंजीचा हात माझ्या हातात. कोण कुणाला धरून होतं, देव जाणे. खाली आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, अब बोलो." म्हणलं, "अब खाना बोलो!" मंजीनं दोन ताटं राजमा-भात खाल्ला. मी बघत बसले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मालकीणबाईचा फोन. काल संध्याकाळपासून बर्फ. घाट बंद. या साली पुन्हा उघडत नाही म्हणते. एक दिवस! एका दिवसानं सुटलो!

१८ ऑक्टोबर, शनिवार

मुरुड. स्टँडवर उतरले तर घाम फुटला. पुसला नाही. लई बरं वाटलं.

लातूरला नेऊन तपासलं. बाळ चांगलं, मंजी चांगली. डॉक्टरीण म्हणाली, काही काळजी नाही. हे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आमचा रेवणसिद्ध, माझा लेक, सगळ्या गल्लीला सांगत फिरून राहिलाय, "आमच्या आईनं हिमाचलात जाऊन नळ बंद केला!" नातजावई सत्यम पाया पडला. "तुमच्या चुकीनं वाचलो, अव्वा." चूक ती चूक. मालकीणबाईसाठी शेंगाची चटणी अन् करडीचं तेल बांधून ठेवलं, घाट उघडला की धाडायचं.

२० ऑक्टोबर, सोमवार

आठवा लागला. जंगमस्वामी, आम्हा लिंगायतांचे गुरू, आले, पोटातल्या बाळासाठी लिंग बांधलं. तिथं जंगम कुठून आणला असता? आता मी मोकळी.

२२ ऑक्टोबर, पाडवा

मंजीच्या डोक्याला तेल लावून राहिले होते. एकदम म्हणाली, "अव्वा, त्या दिवशी तू नळ बंद केलास, ते मी बघितलं होतं."

"मग?"

"तू झोपल्यावर उठले उघडायला. नळावर हात ठेवला. मग न उघडताच येऊन झोपले."

नऊ दिवस! नऊ दिवस सगळ्या गावाची बोलणी मी खाल्ली अन् ही भवानी बाजूला बसून दूध पीत होती!

म्हणलं, लई बरं केलंस.