नऊ नंबरची टाकी

३ फेब्रुवारी
नऊ नंबर बिघडतेय. आणि बाबांनी ती पास केलीय!

सकाळी मी दाढ काढायला गेले होते. तेवढ्यात त्यांनी एकट्याने आठ, नऊ, दहा चाखून वहीत शेरा लिहिला — 'उत्तम'. दुपारी मी नऊचा नळ सोडून पेल्यात घोटभर वाइन घेतली. अर्धं तोंड बधिर, पण नाक शाबूत! नखांचं पॉलिश काढायचं पाणी असतं ना, तसला वास. झाकणाचं रबर सैल झालंय, आत हवा शिरलीय. प्रयोगशाळेतला आंबटपणाचा आकडा अजून हद्दीत आहे म्हणे. महिनाभरात नसेल.

नळकाकांना सांगितलं. तळघरातले नळ, पाइप, झाकणं सगळं त्यांच्या ताब्यात. म्हणाले, "रबर आत्ता बदलतो. पण आतल्या मालाचं काय ते तुझे बाबा ठरवणार. त्यांनी उत्तम लिहिलंय ना?"

लिहिलंय खरं.

५ फेब्रुवारी
बाबांना विचारलं, सर्दी झालीय का? म्हणाले, "दाढ तुझी गेली आणि नाक माझं तपासतेस होय?" मी नऊचं नाव काढलं तर हात झटकून नेहमीचं वाक्य — "अजून कच्ची आहेस."

अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे आणि अकरा वर्षं कच्ची आहे. एव्हाना दगडही पिकला असता.

६ फेब्रुवारी
दूध करपलं. मला जिन्यातच वास आला, ओरडत वर आले. बाबा ओट्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले, चेहरा शांत. स्वयंपाकघरात धूर!

ते आंघोळीला गेल्यावर आईला धरलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक आहे."
काय ठाऊक आहे?
"त्या मोठ्या तापानंतर वास गेला तो गेलाच. सहा वर्षं झाली. मला शपथ घातलीय. काही करपलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग ठरवतात आपण कसलं तोंड करायचं ते."

पातेलं मीच घासलं. तासभर लागला.

९ फेब्रुवारी
आज परीक्षा घेतली. बापाची परीक्षा घ्यायची वेळ यावी!

टेबलाच्या एका बाजूला ते, समोर मी, नेहमीसारखं. तीन नंबर ओतली. तीनमध्ये काहीही दोष नाही, मी कालच पाहिलंय. पेला नाकाशी नेऊन मी कपाळाला हलकीशी आठी घातली. बाबांनी पेला फिरवला, हुंगला, डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे बघितलं. "हं. जराशी आंबटाकडे झुकलीय."

मग पाच नंबर. मी किंचित हसले. "ही झकास!"

म्हणजे सहा वर्षं या तळघरातली वाइन माझ्या तोंडावर ठरतेय. आणि दोन वर्षांपूर्वी बागाईतदार संघाच्या अध्यक्षांनी विचारलं, की आता पोरीला मुख्य चाखणारी करू या का, तेव्हा माझ्यादेखत "कच्ची आहे" म्हणणारे हेच! मला राग आला. फार आला. इथे लिहूनही उतरत नाहीये.

१२ फेब्रुवारी
नीट विचार करते.

टेकड्या आणि समुद्र यांच्यामध्ये आमची एवढीशी पट्टी. बत्तीस बागाईतदार. सगळ्यांची द्राक्षं या एकाच तळघरात येतात, चौदा टाक्यांत मुरतात, आणि वर्षातून एकदा चौदाच्या चौदा मिसळून एकच वाइन होते. वाऱ्याबरोबर खारं पाणी पानांवर बसतं, त्याची वाइनला बारीकशी चव लागते, तेवढ्यावर आमचं नाव टिकून आहे. नऊ मिसळली की सगळी गेली. बत्तीस घरांचं वर्ष.

मिसळण्याआधी सगळ्यांसमोर चाखणी होते, त्या दिवशी बोलायचं फक्त बाबांनी, अशी पद्धत. मी मध्ये तोंड घातलं तर पहिला प्रश्न येणार — यांना कसं नाही कळलं? मग सगळंच बाहेर. एकोणसत्तराव्या वर्षी ते घरी बसणार, उरलेला जन्म पेपर वाचत.

आणि नाही बोलले तर नऊ मिसळणार.

१४ फेब्रुवारी
अध्यक्षांना सांगायला निघाले. बेकरीपर्यंत गेले. पाव घेऊन परत आले.

१६ फेब्रुवारी
ठरलं. उद्या चाखणीला चेहराच द्यायचा नाही. कोऱ्या तोंडाने बसायचं. बघू दे काय करतात ते! आपण होऊन म्हणू दे, की मला कळत नाहीये.

आरशासमोर सराव केला. आईने विचारलं, "पोट बिघडलंय का गं?"

१७ फेब्रुवारी
चाखणी झाली.

लांब टेबल, पांढरं कापड, थुंकायच्या बादल्या. अध्यक्ष, चार बागाईतदार, दाराशी नळकाका. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, चष्मा पुसून पुसून झिजवलेला. सगळे त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे.

कोऱ्या तोंडाचा माझा सराव पहिल्याच टाकीला वाया गेला. चार नंबर कडवट, भुवई आपोआप वर गेली. सहा इतकी सुंदर की हसूच आलं. आयुष्यभराची सवय, एका दिवसात मोडत नाही. बाबा भराभर बोलत गेले, सगळं बरोबर. म्हणजे मी बोलत गेले!

मग नऊ आली. तेवढ्यापुरतं मात्र मी स्वतःला आवळून धरलं. पापणीही हलू दिली नाही. बाबांनी पेला फिरवला. बघितलं. पाणी मागितलं, प्यायले. पुन्हा बघितलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. एक बागाईतदार खोकला.

"पास," ते म्हणाले. अध्यक्षांनी खूण केली.

मी तेव्हा बोलू शकत होते. बोलले नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते. पुढच्या पाच टाक्यांना मी काय तोंड केलं तेही आठवत नाही, पण त्यांनी काहीतरी बरोबरच सांगितलं असणार, कारण शेवटी टाळ्या झाल्या.

येताना ते पुढे चालत होते, मी मागे. घरापर्यंत आले आणि आत न येता तसेच फिरायला गेले. सूड घेत होते का मी? हो, घेत होते. बत्तीस घरांच्या जिवावर. लाज वाटते.

उद्या सातला मिश्रणासाठी नळ उघडणार. त्याआधी नळकाकांना गाठायचं आणि सगळं सांगून टाकायचं. बाबांचं काय व्हायचं ते होऊ दे.

१८ फेब्रुवारी
पावणेसातला तळघरात. धापा टाकत म्हटलं, काका, नऊ उघडू नका. ते म्हणाले, "नाहीच उघडत. काल संध्याकाळी तुझे बाबा अध्यक्षांकडे जाऊन सगळं सांगून आले. मग माझ्याकडे आले. म्हणाले, मला सहा वर्षं वास येत नाही, तेव्हा नऊला काय झालंय ते मला विचारू नकोस. पण बाकी तेरा टाक्यांना पोरीचा चेहरा बोलला, नऊला दातओठ आवळून गप्प बसली. इतकी गप्प ती फक्त माझ्यावर रागावल्यावर बसते."